तुरीचं कुटार आणि आठ बाटल्या : बुबुळावरच्या जखमेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेजवळ, एका तालुक्याच्या गावी माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. आठ खाटा, एक स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं यंत्र), एक ऑपरेशन थिएटर आणि भिंतीपलीकडे एक पॅथॉलॉजी लॅब. तिथला तंत्रज्ञ मलेरियाच्या काचा बघण्यात पटाईत आहे. जंतू ओळखायला ग्रॅमचा रंग देणं आणि बुरशी शोधायला पोटॅशची काच बघणं मी त्याला शिकवलं, आता तो ते माझ्यापेक्षा बरं करतो. जंतू वाढवून बघायचे असतील तर मात्र नमुना ९० किलोमीटरवरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावा लागतो.

रुग्णाला कांताबाई म्हणू (नाव बदललं आहे). वय ३८, शेतमजूर, नवऱ्याची दीड एकर कोरडवाहू. जानेवारीचे दिवस, तुरीचा हंगाम ऐन भरात. हडंब्यावर (मळणीयंत्रावर) तुरी काढताना कुटार, म्हणजे भुसा, उडतं. बाया तोंडाला रुमाल बांधतात, डोळे उघडेच असतात. या दोन महिन्यांत माझ्याकडे येणारे बुबुळाचे जखमी बहुतेक खळ्यावरून आलेले असतात.

माझ्यापर्यंत पोचण्याआधीचे आठ दिवस

पहिल्या दिवशी डाव्या डोळ्यात कुटार गेलं. तिनं पदरानं पुसलं. जवळच्या एका बाईनं लुगड्याच्या टोकाची बत्ती करून कण काढला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. तिथल्या औषधाच्या दुकानातून थेंब घेतले. ती बाटली तिनं माझ्यासमोर टेबलावर ठेवली: मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन एकत्र. म्हणजे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत.

‘‘दोन दिस एकदम बरं वाटलं जी. म्या त पुन्हा तुरीवर गेली.’’

हे बरं वाटणं स्टेरॉइडचं होतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, जखम तिथंच असते. सहाव्या दिवशी डोळा पुन्हा ठणकू लागला. सातव्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरनं एक इंजेक्शन दिलं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब लिहून दिले. आठव्या दिवशी मुलीनं डोळ्यात पांढरं पाहिलं. ‘‘माय, तुह्या डोयात फूल पडलं,’’ असं ती म्हणाली आणि घरात धावपळ सुरू झाली.

बाटलीबद्दल थोडं थांबून सांगतो. ५ मिलीच्या बाटलीत साधारण सव्वाशे थेंब बसतात. बुबुळावर पिकलेली जखम असेल तर सुरुवातीला रात्रंदिवस तासाला एक थेंब लागतो. त्या हिशेबाने बाटली पाच दिवसांत रिकामी व्हायला हवी. कांताबाईची बाटली आठव्या दिवशीही अर्ध्याहून जास्त भरलेली होती. दिवसातून दोनदा, आठवण झाली तर तीनदा. डोळ्यात टाकलेल्या थेंबाचा बराचसा भाग लगेच गालावर ओघळतो, उरलेला अश्रूंबरोबर काही मिनिटांत नाकात उतरतो. दोन थेंबांमध्ये आठ तास गेले तर त्यातले बहुतेक तास जंतूंना मोकळं रान मिळतं. अधूनमधून त्यांना औषधाची ओळख होते, एवढंच.

नववा दिवस : पहिली तपासणी

डावी दृष्टी: एक मीटरवरून बोटं मोजता येत होती. फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावल्यावर बुबुळाच्या मधोमध ३.५ बाय ३ मिलिमीटरची जखम हिरवी झाली. कडा पिवळट, आत पू साचून १ मिलिमीटरची पातळी. उजवा डोळा ठीक.

त्या दिवशी मोतीबिंदूची तपासणी होती, बाहेर सत्तर-ऐंशी माणसं. मी स्टेरॉइडचे थेंब बंद केले आणि नुसतं मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के तासाला एकदा टाकायला सांगितलं. सोबत बाहुली मोठी ठेवणारं औषध आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. जखम खरवडून नमुना घेतला नाही. मनाशी म्हटलं, आठ दिवस औषध पडलंय, आता काय उगवणार. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे बाहेरची रांग.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी केली नाही. ती पुढे येईल.

अकरावा दिवस : पर्याय

जखम ४.५ बाय ४ झाली होती, पू २ मिलिमीटर. आता तीन रस्ते होते.

पहिला, तेच औषध चालू ठेवून आणखी दोन दिवस बघणं. पिकलेली जखम पहिल्या ४८ तासांत वाढली नाही तरी ते चांगलं लक्षण मानतात. पण ही वाढली होती, त्यामुळे हा रस्ता बंद.

दुसरा, ताबडतोब वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचण नव्हती. अडचण सोबत कोण जाणार याची होती. नवरा म्हणाला, ‘‘तुरी खळ्यावर पडून हायेत साहेब, पावसाचं काई सांगता येत नाही. चार दिवसांनं नेतो.’’ चार दिवसांत बुबुळाला भोक पडलं असतं. अशा वेळी रुग्णावर चिडणारे डॉक्टर मी पाहिलेत, मीही त्यातला होतो. पण वर्षाचं पीक उघड्यावर पडलेलं असताना कोणता डोळा आधी बघायचा, हे दवाखान्यात बसून ठरवणं फार सोपं असतं.

तिसरा, इथंच भरती करून नमुना घेणं आणि ताकदवान थेंब सुरू करणं. पण त्यातही निवड होती. सगळी अँटिबायोटिक दिवसभर बंद ठेवून मग खरवडलं तर जंतू उगवण्याची शक्यता वाढते. जखम संथ असेल तर हे करावं. ही दोन दिवसांत एक मिलिमीटर पसरली होती. औषध न थांबवता त्याच दुपारी खरवडायचं मी ठरवलं. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. चूक झाली ती दोन दिवस आधी.

प्रोपॅराकेनचे थेंब टाकून १५ नंबरच्या पात्याने जखमेची कड आणि तळ खरवडला. दोन काचा आणि एक ब्लड अगारची प्लेट. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने दिलेल्या दोन प्लेटा माझ्या फ्रिजमध्ये असतात, पण त्यातली एक सुकून कडेने सुटली होती. उरलेलीवर इंग्रजी ‘सी’च्या आकारात रेघा ओढल्या. म्हणजे वाढ रेघेवर आली तर ती जखमेतली, रेघेबाहेर आली तर हवेतली भेसळ. प्लेट स्टीलच्या डब्यात घालून संध्याकाळच्या गाडीने कांताबाईच्या भाच्याच्या हाती पाठवली.

काचा तासाभरात बघून झाल्या. पोटॅशच्या काचेत बुरशीचे धागे नव्हते. शेतातल्या काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशीची धास्ती कायम असते, आणि स्टेरॉइड पडलं असेल तर जास्तच. म्हणून ही काच दोनदा बघितली. ग्रॅमच्या काचेत पू भरपूर होता आणि निळे-जांभळे गोल जंतू थोडे, द्राक्षाच्या घोसासारखे. तंत्रज्ञ म्हणाला, ‘‘सर, स्टॅफ दिसते.’’ नॅटामायसिन (बुरशीवरचं औषध) सुरू करायचा मोह मी तिथं आवरला.

भरती करून दोन प्रकारचे थेंब दवाखान्यातच बनवले. सेफाझोलिन ५ टक्के: ५०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन १० मिलीत. टोब्रामायसिन सुमारे १.३ टक्के: बाजारातल्या ५ मिलीच्या थेंबांत २ मिली इंजेक्शन. दोन्ही फ्रिजमध्ये ठेवायचे. आळीपाळीने दर अर्ध्या तासाला एक, रात्रीसुद्धा. ही जोडी जुनी आणि भरवशाची, ग्रॅमच्या रंगावरून पडणाऱ्या धन आणि ऋण या दोन्ही गटांतल्या जंतूंवर चालते. कांताबाईच्या घरी फ्रिज नव्हता आणि रात्री दोनला उठून थेंब टाकणारं कुणी नव्हतं. भरती करण्याची खरी कारणं ही दोन.

तेरावा दिवस : अहवाल

संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. स्टॅफिलोकोकस ऑरियस. प्लेटेवर ठेवलेल्या सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीभोवती जंतू न उगवलेली पुरेशी मोकळी जागा नाही, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा, ज्याला आपण एमआरएसए म्हणतो. सिप्रो बाद, मॉक्सी बाद, जेंटा आणि टोब्रा बाद. क्लोरॅम्फेनिकॉल चालतं. व्हॅन्कोमायसिनचं उत्तर उद्या, कारण या जंतूसाठी ते चकतीवर धरत नाहीत, एमआयसी, म्हणजे जंतू रोखायला औषध कमीत कमी किती लागतं ते, काढावं लागतं.

याचा अर्थ मी दोन दिवस रात्रभर सिस्टरला जागवून टाकत होतो ती दोन्ही औषधं कागदावर निकामी होती. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ आपल्या भिंतीचं एक प्रथिनच बदलून बसतो, मग पेनिसिलिनच्या घराण्यातलं जवळजवळ काहीच त्याला चिकटत नाही, सेफाझोलिनसुद्धा. मेथिसिलिन बाजारात आलं १९५९ च्या सुमारास, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये असे जंतू सापडले होते. म्हणजे ही ताजी बातमी नव्हे. आमच्या तालुक्यातल्या तुरीच्या खळ्यावर तो सापडला, हे मात्र मला नवीन होतं.

इथं दुसरा प्रश्न आला. चकतीचे निकष रक्तात औषध किती पोचतं यावर ठरलेले आहेत. डोळ्यावर ५ टक्क्यांचा थेंब टाकला की तिथलं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त होतं. त्यामुळे कागदावर बाद ठरलेलं औषध डोळ्यात काम करताना मी पाहिलं आहे, आणि डोळा सुधारत असेल तर नुसत्या कागदासाठी औषध बदलू नये, या मताचा मी आहे. म्हणून आधी स्लिट लॅम्पवर गेलो. जखम ४.५ वरून ५ झालेली. डोळा आणि कागद एकच सांगत होते. व्हॅन्कोमायसिन ५ टक्के त्याच रात्री सुरू केलं. एमआयसी दुसऱ्या दिवशी आली, औषध चालत होतं.

चौदावा दिवस : सिस्टरचा शोध

सकाळी सिस्टर म्हणाली, ‘‘सर, डोळ्याचा कोपरा पुसला की पुन्हा भरतो. नाकाकडून येतंय.’’

नाक आणि डोळ्याच्या मधल्या खाचेवर बोटानं दाबलं. पापणीच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून दाट पिवळा पू तांदळाच्या दाण्याएवढा वर आला. लासरू. अश्रूंची पिशवी तुंबून आत पू साचलेला. पहिल्या दिवशी मी केली नाही ती गोष्ट म्हणजे हे दाबणं. त्याला पाच सेकंद लागतात. मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेआधी मी हे करतो, आणि बुबुळावर पू असलेल्या बाईला केलं नाही, कारण कुटार गेल्याची गोष्ट इतकी पुरेशी वाटली की दुसरं कारण शोधलंच नाही.

त्या पुवाचा नमुनाही पाठवला. तोच स्टॅफ, औषधांचा तक्ता ओळीन् ओळ सारखा. तेवढ्यावरून दोन्ही जंतू एकच होते असं प्रयोगशाळा म्हणणार नाही. मी म्हणतो.

मग नीट विचारलं. ‘‘डोयातून पानी त लेकीच्या बाळंतपणापासून येते जी. सात-आठ वर्स झाले. लय आलं का दुकानातून थेंब आनतो.’’ (लेक म्हणजे धाकटी, तिच्या जन्मापासून.) नवऱ्याला म्हटलं, घरात जुन्या बाटल्या असतील तर आणा. तो एका प्लास्टिकच्या पिशवीत आठ बाटल्या घेऊन आला. सिप्रोच्या दोन, जेंटामायसिनची एक, ऑफ्लॉक्सॅसिनची एक, मॉक्सीच्या दोन, आणि दोन बाटल्यांची लेबलं पार पुसलेली. मॉक्सीच्या दोन्ही २०२३ च्या पावसाळ्यातल्या. त्या वर्षी राज्यभर डोळे येण्याची साथ होती आणि बुलढाणा जिल्हा रुग्णसंख्येत पुढे होता. साथ विषाणूची, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पण घरोघरी बाटल्या गेल्या. बहुतेक बाटल्यांत औषध शिल्लक होतं.

टेबलावर त्या ओळीनं मांडल्यावर मला वाटलं, प्रयोगशाळेचा तक्ता मी आत्ता दुसऱ्यांदा वाचतोय. तुंबलेली पिशवी म्हणजे डबकं. पाणी वाहत नाही, औषध आत पुरेसं पोचत नाही, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोचत राहतं. सिप्रोच्या कुळातली औषधं जंतूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या दोन एन्झाइमांवर बसतात. एका जागी बदल झाला की जंतू थोडा टणक होतो, दुसरीकडेही झाला की चांगलाच. सिप्रोचे डोळ्याचे थेंब १९९० च्या सुमारास आले, मॉक्सीचे २००३ मध्ये. मॉक्सी दोन्ही जागा धरतं म्हणून त्याच्याविरुद्ध प्रतिकार सहज होणार नाही, असं तेव्हा सांगत. पण सिप्रोच्या बाटल्यांनी ज्या जंतूला पहिली पायरी चढवून ठेवली, त्याला मॉक्सीच्या वेळी एकच पायरी उरते. कांताबाईच्या पिशवीत असंच घडलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. बाटल्यांचा क्रम मात्र तसाच होता.

क्लोरॅम्फेनिकॉल चालत होतं याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या लहानपणी घरोघरी असलेल्या त्या मलमाच्या कॅप्सूल आता दुकानात मागितल्या तर मुलगा तोंडाकडे बघतो. वापर कमी झाला तसा या औषधाचा धाकही बऱ्याच जंतूंवर टिकून राहिला. स्युडोमोनास या बुबुळ पिकवणाऱ्या दुसऱ्या जंतूवर ते मुळातच चालत नाही, त्यामुळे एकट्यानं सुरुवात करण्याजोगं नाही. इथं रात्रीचं मलम म्हणून वापरलं.

लासरूचं काय करायचं

पुस्तक म्हणतं, बुबुळावर जखम असताना पुवाची पिशवी तशीच ठेवू नका. पिशवी काढून टाकणं मला इथं जमलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण मग डोळा आयुष्यभर गळत राहणार, आणि बाई ३८ वर्षांची. नाकात नवी वाट करून देणारी डीसीआर शस्त्रक्रिया चांगली, पण त्यासाठी ९० किलोमीटर जायचं, तेही डोळा शांत झाल्यावर. तिथल्या सर्जनशी फोनवर बोललो. ते म्हणाले, व्हॅन्कोमायसिनला जखम दाद देत असेल तर थांबा. मग सिस्टरने दिवसातून चार वेळा पिशवी दाबून रिकामी करायची, कोपरा पुसायचा आणि लगेच थेंब टाकायचा, असं ठरलं. हा निर्णय जमला, पण जखम सोळाव्या दिवशी आटू लागली नसती तर मी त्यालाच चूक म्हणत बसलो असतो.

परिणाम

सोळाव्या दिवशी पू अर्ध्यावर आला. एकविसाव्याला नाहीसा झाला. एकतिसाव्या दिवशी फ्लुरोसिन लावल्यावर हिरवं काही दिसलं नाही. सात आठवड्यांनी डीसीआर झाली, तेव्हा नवऱ्याने स्वतः नेलं. डोळ्याचं गळणं थांबलं.

बुबुळाच्या मधोमध ४ मिलिमीटरचं फूल राहिलं. सहा महिन्यांनी डावी दृष्टी ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून. बुबुळ बदलण्याबद्दल बोललो. ‘‘एका डोयानं निंदन होते ना जी,’’ म्हणाली. तीन आठवड्यांची मजुरी बुडाली, तुरी नवऱ्याने नात्यातल्या माणसांना घेऊन काढल्या.

पुन्हा असं आलं तर

नमुना पहिल्या दिवशी घेणार, रांग कितीही असो. आठ दिवस औषध पडलेल्या डोळ्यातूनही उगवतं, हे याच प्रकरणाने दाखवलं. लासरू दाबणं आता टेबलावरच्या तपासणी कागदावर छापून घेतलंय, दृष्टीच्या रकान्याखाली. सुकलेल्या प्लेटेचा बंदोबस्त केला आहे: दर पंधरवड्याला बदलतो.

पहिलं औषध कोणतं द्यायचं यावर मात्र माझा गोंधळ आहे. प्रत्येक जखमेला सुरुवातीपासून व्हॅन्कोमायसिन दिलं तर आज मॉक्सीचं जे झालं ते उद्या त्याचं होईल. म्हणून आजही लहान, कडेच्या जखमेला मॉक्सीच देतो. मधोमधची असेल, लासरू असेल किंवा आधी दुकानाचे थेंब पडले असतील, तर नमुना घेऊन भरती.

दुकानदाराकडे गेलो होतो. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन एच-१ अनुसूचीत आहे, डोळ्याचे थेंबही त्यात येतात. चिठ्ठी हवी, वहीत डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव हवं, वही तीन वर्षं ठेवायची. त्यानं वही दाखवली, ती व्यवस्थित होती, फक्त त्यात कांताबाई नव्हती. ‘‘साहेब, मी नाही देल्ली त समोरचा देते. अन् बाई रडत उभी रायते.’’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. एवढं म्हटलं की स्टेरॉइडची बाटली तरी देऊ नकोस, आणि कुटार गेलेलं असेल तर त्याच दिवशी माझ्याकडे पाठव, तपासणीचे पैसे घेणार नाही. आतापर्यंत त्यानं अकरा जण पाठवलेत.

आशाताईंकडे क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम ठेवावं का, हाही विचार चालू आहे. नेपाळमधल्या भक्तपूरला बुबुळ खरचटलेल्यांना गावातच १ टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं, तेव्हा लवकर आलेल्या बहुतेकांना पुढची जखम झाली नाही. पण नंतर नेपाळमध्येच गावागावांत केलेल्या मोठ्या चाचणीत असा फरक दिसला नाही. शिवाय मलम हाताशी असलं की प्रत्येक लाल डोळ्याला लागणार. माझा कल सध्या फ्लुरोसिनच्या पट्ट्या आणि निळ्या टॉर्चकडे आहे: आधी खरचटलंय का ते बघा, मग मलम. दोन आशाताई यंदाच्या हंगामापासून शिकताहेत.

आठही बाटल्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. लेबल नसलेल्या दोघींत काय होतं हे कांताबाईला आठवत नाही. एकीचं झाकण पिवळं आहे, एवढंच.